पलंगाभोवतीचं घर

थोरल्या दिराचा, बिर्जूचा, ब्रिस्बेनहून फोन आला तेव्हा मिथलेश पलंगावर उभी राहून पंखा पुसत होती. दुसरीकडे कुठे उभं राहायला जागाच नव्हती.

बाहेरच्या खोलीतून पलंग वजा केला की उरायची फक्त एक वाट. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत, आणि तीही एका वेळी एका माणसापुरती. समोरून कोणी आलं तर दोघांपैकी एकाने पलंगावर चढायचं, अशी घरची रीतच पडून गेली होती. फिजीतल्या द्रासा गावी भाडेपट्ट्याने घेतलेल्या जमिनीची मुदत संपली, ऊस गेला, घर उतरवून फळ्या-पत्रे ट्रकमध्ये घालून सगळे लौटोका शहराच्या तवाकुबू वस्तीत आले, तेव्हा सिमेंटच्या जोत्यावर सगळ्यांत आधी उतरला तो हा पलंग. आभाळ भरून आलं होतं म्हणून तिच्या नवऱ्याने, सुरुजने, घाईघाईने त्याच्याभोवती भिंती उभ्या केल्या. छप्पर चढल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं, की हा आता कुठल्याच दारातून बाहेर निघत नाही.

पलंग बाबांनी स्वतःच्या हातांनी घडवलेला. अस्सल दाकुआचं लाकूड, मांडीएवढे जाड खांब. बाबा गेले आणि तो माईच्या वाट्याला आला, म्हणजे रात्रीपुरता. दिवसा तो सगळ्यांचा होता. पाहुणे त्यावर, इस्त्री त्यावर, भाजी निवडायची त्यावर, आणि मंगळवारी भजन मंडळी आली की ढोलकवालाही त्यावरच. माई एका कोपऱ्यात पाय दुमडून बसलेली असायची.

“माई कुठाय?” बिर्जूने विचारलं.

“नांदीला गेल्यात लेकीकडे, सुभागी दीदीकडे. बोला ना भैया.”

“मग तुलाच सांगतो. बाबांच्या तिथीला आम्ही दोघं येतोय. मंगळवारच आहे, मंडळीही बोलवून घे. आणि माईचे कपडे भरून ठेव. या खेपेला तिला घेऊनच जाणार.”

“घेऊन म्हणजे?”

“कायमचं. इथे तिची खोली तयार आहे. खोलीला लागूनच बाथरूम. तुमच्याकडे काय आहे? बिचारी वाटेत झोपते.”

फोन संपला आणि पंखा अर्धा पुसलेला तसाच राहिला. सासूशी मिथलेशचं रोज एकदा तरी वाजायचं. मिठावरून वाजायचं, नळ उघडा राहिल्यावरून वाजायचं, काहीच नसलं तर कालच्यावरून वाजायचं. पण ‘वाटेत झोपते’ हे शब्द तिच्या काळजात घुसले. माईचे गुडघे आपण चोळायचे, माईची औषधं आपण सांभाळायची, आणि समुद्रापलीकडे बसून आपल्या घराला वाट म्हणायचं याने!

संध्याकाळी तिने नवऱ्याला आणि लेकीला समोर बसवलं. समोर म्हणजे पलंगावर.

“भैया येऊन हे घर बघणार,” ती म्हणाली, “आणि सुभागी दीदीला सांगणार की सुरुजने आईला गोदामात ठेवलंय.”

“खरं आहे म्हणा,” सुरुज म्हणाला. तो साखर कारखान्यात फिटर होता. यंत्र बिघडलं तर नुसत्या आवाजावरून ओळखायचा, पण घरात त्याचं मत म्हणजे शेवटी जो बोलला त्याचं मत. “घर लहानच आहे आपलं.”

“घर लहान नाहीये, पप्पा,” शलेश्नी म्हणाली. “पलंग मोठा आहे.”

शलेश्नी सुव्याला घर सजवण्याचं शिक्षण घेऊन आली होती आणि आता गावातल्या एका फर्निचरच्या दुकानात लोकांना पडद्यांचे रंग निवडून द्यायची. दुसऱ्यांची घरं मांडून घरी आली की अंग तिरकं करून आत शिरायची. तिने उशीखालून दुकानातला तपकिरी कागद काढला. त्यावर हीच खोली होती, पण सुरुजला आधी ओळखता आली नाही, कारण तिच्यात जमीन दिसत होती.

“भिंतीला लागून बाकं. बाकांना झाकणं, आत सामान. टेबल भिंतीला बिजागऱ्यांवर, नको तेव्हा वर. स्वयंपाकघराच्या भिंतीला मोठा झरोका, म्हणजे मम्मीला आतून सगळं दिसेल आणि खोलीही मोठी वाटेल. झडपांच्या खिडकीसमोर आरसा, म्हणजे बाहेरचा आंबा घरात येईल. आणि या कोपऱ्यात आजीचा कप्पा. तिच्यापुरता पलंग, डोक्याशी देवांची फळी, खाली खण, पुढे पडदा.”

“सुंदर,” सुरुज म्हणाला. “आणि एवढं लाकूड?”

शलेश्नीने पलंगावर टिचकी मारली.

सुरुज ताडकन उठून उभा राहिला, जणू त्यालाच कापायचं ठरलं होतं. “बाबांचा पलंग? माईला विचारायला हवं!”

“विचारलं तर नाही म्हणतील,” मिथलेश म्हणाली.

“मग?”

“म्हणून तर विचारायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी शेजारचा सेमिसी करवत घेऊन आला. सेमिसी सुतारकाम करायचा आणि रविवारी चर्चमध्ये खालच्या पट्टीत गायचा. पलंग बघून त्याने टोपी काढली.

“सुरुजभाई, हे म्हाताऱ्याचं काम. आधी प्रार्थना करू.”

त्याने फिजीयनमध्ये लांबलचक प्रार्थना केली. सुरुज हात जोडून, डोळे मिटून उभा होता. ही प्रार्थना संपूच नये अशी दुसरी एक प्रार्थना तो मनातल्या मनात करत होता. पण ‘आमेन’ झालं आणि करवत लागली. सुरुज म्हणाला, कारखान्यात तातडीचं काम आलंय, आणि सुट्टीच्या दिवशी कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन बसून आला.

*

बिर्जूने नांदीला विमानतळावरच गाडी भाड्याने घेतली, वाटेत सुभागीकडून माईला उचललं आणि लौटोकापर्यंत तो खोलीचं वर्णन करत राहिला.

“गरम पाणी, थंड पाणी, दोन्ही. पाय घसरू नये म्हणून भिंतीला कठडा लावलाय. माई, तू ऐकतेयस ना?”

“ऐकतेय. बसायला कुठे?”

“बाथरूममध्ये?”

“नाही रे. खोलीत. बसून बघायला काय आहे?”

“टीव्ही आहे भिंतीएवढा!”

“आणि माणसं?”

“आम्ही आहोत की!”

मागच्या सीटवर बिर्जूची बायको रजनी उसाच्या शेतांकडे बघत होती. ती काही बोलली नाही. एरवी बिर्जूचं प्रत्येक वाक्य तीच पुरं करायची.

बिर्जूला बोलत राहणं भाग होतं. आई म्हातारी होत असताना आपण दुसऱ्या देशात कुंपणाला रंग देत होतो, ही बोच त्याला फार वर्षं होती. त्यावर उपाय म्हणून त्याने घराला खोली जोडली. तिथल्या देवळात सगळ्यांना सांगितलं, माई येतेय. आता माई आली नाही तर दर रविवारी काय सांगणार?

घराशी पोचल्यावर तो सवयीने अंग तिरकं करून दारातून आत शिरला. आत आल्यावर तिरकं होण्याचं कारणच सापडेना. तो तसाच, एक खांदा पुढे काढून, खोलीच्या मधोमध उभा राहिला.

भिंती नारळाच्या दुधासारख्या, आणि एकच भिंत पिकलेल्या पपईच्या रंगाची. दोन बाजूंना गुळगुळीत बाकं, वर रंगीत गाद्या. समोरच्या आरशात अंगणातला आंबा हलत होता, त्यामुळे खोली अंगणापर्यंत गेल्यासारखी वाटत होती. भिंतीवर एक मोठी नक्षीदार चौकट होती. शलेश्नीने तिची कडी काढली तर ती चौकट खाली आली आणि तिचं टेबल झालं. कोपऱ्यात जहाजात असतो तसा छतापर्यंतचा लाकडी कप्पा, त्यात पांढरीशुभ्र गादी.

“वा,” रजनी पहिल्यांदा बोलली. “वा गं पोरी!”

“पलंग कुठाय?” बिर्जूने विचारलं.

“हा काय, मोठे पप्पा.” शलेश्नीने बाक दाखवलं. “हाही.” टेबल दाखवलं. “आणि हा.” कप्पा दाखवला. “एक ढलपीसुद्धा फेकली नाही. उरलं त्याचा पाट केला.”

बिर्जूचा चेहरा पपईच्या भिंतीला जुळायला लागला. “कापलात? बाबांचा पलंग कापलात? अरे, मी जन्मलो त्यावर!”

“मी म्हणत होतो, माईला विचारू या,” सुरुज म्हणाला.

बाजारात शिळी मासळी उलटी करून बघतात, तसं मिथलेशने नवऱ्याकडे बघितलं. “तुम्ही? तुम्ही तर ‘सुंदर’ म्हणालात!”

“ते कागदाला म्हटलं होतं.”

“माई,” बिर्जू वळला, “बघितलंस? बघितलंस कुठे राहतेस तू?”

आता सगळ्यांनी माईकडे बघितलं. माई दारातच होती. ती सावकाश पुढे आली. बाकावर हात फिरवला. टेबलाखाली वाकून बघितलं. मग कप्प्याशी गेली, चपला काढल्या, आत बसली, पाय वर घेतले आणि पडदा ओढून घेतला. पडद्याच्या कड्या सळसळल्या.

“रडतेय,” बिर्जू कुजबुजला.

“आवाज नाही येत,” सुरुज म्हणाला.

“माई आवाज न करता रडते. तुला काय माहीत? तू लहान होतास.”

“माझं अर्धं आयुष्य माईबरोबर गेलंय, भैया. तुझं विमानात.”

“म्हणून करवत चालवलीस?”

सगळं कुजबुजत चाललं होतं, त्यामुळे जास्तच झोंबत होतं. शेवटी रजनीने मिथलेशचा हात धरला आणि तिला स्वयंपाकघरात नेलं. पुऱ्यांचं पीठ मळायचं होतं. नणंदा-जावांच्या खऱ्या गोष्टी पिठाबरोबरच निघतात.

*

रजनीला वाटलं, स्वयंपाकघरातलं बोलणं आपल्या दोघींतच राहील.

“चांगलं केलंस,” ती पाण्याचा हात लावत म्हणाली. “मला विचारशील तर फार आधी करायला हवं होतं.”

“दीदी, तुम्ही पण? मला वाटलं, तुम्ही खोली दाखवायला आलात.”

“खोली!” रजनीने पिठाला एक ठोसा दिला. “तुला सांगू? गेल्या वर्षी माझी आई राहून गेली त्या खोलीत. हे पहाटे कामावर जातात, मी हॉस्पिटलात पाळीवर. मुलं आपापल्या गावी. एकदा लवकर घरी आले तर बाथरूमचा नळ चालू. म्हटलं, आई, पाणी वाया जातंय. तर म्हणते, असू दे गं, कोणीतरी घरात आहे असं वाटतं.”

मिथलेशचे हात थांबले.

“नंतर मी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. यांना सांगितलंही नाही. केवढ्या हौसेने बांधलीय. दर रविवारी स्वतः पुसतात. कसं सांगू? आणि माईंना तिथे नेऊन बसवलं, तर मी कामावर कशी जाऊ, सांग?”

“मग भैयांना कोण सांगणार?”

“कोणी नाही. मी काहीतरी कारण काढेन. व्हिसाचं, गुडघ्यांचं. तू फक्त माझ्या बाजूने हो म्हण.”

शलेश्नीचा झरोका भलताच छान झाला होता. त्यातून स्वयंपाकघराचा उजेड बाहेरच्या खोलीत येत होता, फोडणीचा वास येत होता, आणि प्रत्येक शब्द. बिर्जू झरोक्याखालच्याच बाकावर बसला होता. शलेश्नी त्याच्यासमोर होती. ती झरोक्याला झडप कशी बसवता येईल याचा घाबऱ्या घाबऱ्या विचार करत होती.

“मोठे पप्पा,” ती हळूच म्हणाली, “चहा आणू?”

“नको,” बिर्जू म्हणाला. त्याने बाकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. तिथे बाबांच्या पटाशीची एक चुकलेली खूण होती. “पुसतो मी रविवारी. तेवढं तरी बरोबर सांगितलं तिने.”

तेवढ्यात फाटक वाजलं आणि भजन मंडळी आली.

*

मास्टर रामाधार म्हणजे मंडळीचे मुख्य गायक. शाळेतून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत आणि देह त्याला शोभेलसा. घर बघून त्यांनी भुवया उचलल्या, “अरे, इथे तर जागा आहे!” असं म्हणून सगळ्यांत लांब बाकावर मधोमध बैठक मारली आणि हार्मोनियम पुढ्यात ओढली. ढोलकवाला, लोखंडी दांडीवर ताल धरणारा दंडतालवाला, शेजारीपाजारी, सगळे भिंतीकडेने बसले आणि मध्ये चक्क जमीन उरली. लोक वाकून वाकून जमिनीकडे बघत होते.

माईचा पडदा तसाच होता.

“तब्येत?” मास्टरांनी खुणेने विचारलं.

“थकल्यात,” मिथलेश म्हणाली.

भजनं सुरू झाली. आत पुऱ्या फुगायला लागल्या. भोपळ्याची भाजी झाली, टोमॅटोची चटणी झाली, खीर झाली. आणि मिथलेशने ताटं घ्यायला हात वर केला तर फळी रिकामी.

“शलेश्नी! ताटं कुठायत?”

शलेश्नी झरोक्यातून बाहेर बघत होती. तिचा रंग उडाला. “बाकात.”

“कुठल्या बाकात?”

शलेश्नीने हनुवटीने मास्टर रामाधारांकडे दाखवलं.

मास्टर डोळे मिटून आळवत होते. एक कडवं संपलं की लोकांना वाटायचं झालं, आणि ते नवी सुरावट काढून मागच्या कडव्याला पुन्हा हात घालायचे. त्यांना मध्येच उठा म्हणायची हिंमत लौटोकात कोणाचीच नव्हती. अर्ध्या गावाला त्यांनी बाकावर उभं केलेलं होतं.

“तेवढंच एक बाक मिळालं तुला ताटांना?” मिथलेश दात आवळून म्हणाली.

“मला काय माहीत ते तिथेच बसतील? मी हाताशी राहावं म्हणून ठेवली.”

“पुऱ्या बसतायत, मिथलेश,” रजनी म्हणाली.

मिथलेशने झरोक्यातून नवऱ्याला खुणावलं. आधी ताटाची खूण केली, मग बाकाची, मग मास्टरांची. सुरुजला वाटलं, मास्टरांना पाणी हवंय. त्याने तांब्याभर पाणी नेऊन ठेवलं. मास्टर पाणी प्यायले, गळा साफ झाला आणि आणखी वरच्या पट्टीत सुरू झाले.

शेवटी बिर्जू उठला.  तो सुरुजपाशी गेला, त्याच्या कानात काहीतरी म्हणाला. दोघा भावांनी एकमेकांकडे बघितलं. लहानपणी उसाच्या ट्रकमागे पळताना बघायचे, तसं. आणि मास्टरांनी श्वास घ्यायला तोंड बंद केलं त्याच क्षणी दोघं एकदम ओरडले, “बोलो सियावर रामचंद्र की…”

“जय!” सगळी खोली सवयीने गरजली आणि आरतीला उभी राहिली. मास्टरांनाही उभं राहावं लागलं. शलेश्नीने झाकण उचललं, ताटं काढली, झाकण लावलं. आरती पुरी होईपर्यंत तिने खीरसुद्धा वाढून ठेवली.

घंटेच्या गजरात पडदा सरकला.

माईचे केस सुटले होते. गालावर उशीची घडी उमटली होती. ती सगळ्यांकडे एकेक करून बघत राहिली, जणू हे लोक घरात कधी शिरले ते आठवत होती.

“आरतीपर्यंत आलात?” ती म्हणाली. “मला उठवलं का नाही?”

बिर्जू पुढे धावला. “माई, रडू नकोस.”

“रडतंय कोण? झोप लागली.”

“झोप?”

“हो. दुपारची. पाय पसरून.” माईने स्वतःच्या पायांकडे कौतुकाने बघितलं. “कोणी पायांवर बसलं नाही, कोणी ऊठ म्हटलं नाही. लागली झोप.”

मिथलेशला एकदम हसू फुटलं आणि तिने पदर तोंडात धरला. बिर्जूला मात्र हे पटेना. इतका वेळ धरून ठेवलेला राग त्याने एवढ्यात कुठे टाकायचा?

“माई, पण तो बाबांचा पलंग होता.”

“तुझ्या बाबांचाच. अर्ध्यावर ते घोरायचे. उरलेल्या अर्ध्यात मी आणि तुम्ही सगळी. ते गेल्यावर वाटलं, आता जरा ऐसपैस झोपू. तर इथे दिवसभर बाजार.” ती मास्टरांकडे वळली. “मास्टरजी, खरं सांगा, किती मंगळवार माझ्या उशीवर बसलात?”

“मला ती लोड वाटायची, माई,” मास्टर म्हणाले आणि पुरी मोडायला लागले.

“पण मी जन्मलो त्यावर!” बिर्जूचा आवाज चिरकला.

“कोणी सांगितलं? तू हॉस्पिटलात जन्मलास. तेव्हा पलंग कुठे होता? आणि हा सुरुज झाला तेव्हा पलंगावर भात वाळत घातला होता. तो चटईवर झाला.”

सुरुजने मान खाली घातली. एवढा मोठा होऊन त्याला आज कळलं होतं, की आपल्याआधी भाताचा नंबर लागला होता. मंडळी हसून हसून लोळायच्या बेतात आली. आता सगळं निभावलं असं वाटून मिथलेश ताट घेऊन सासूपाशी आली, तेव्हा माईने ताट घेतलं, बाजूला ठेवलं आणि तिच्याकडे बघितलं. हसू थांबलं.

“मला विचारलं का नाहीस?”

मिथलेश पदराशी चाळा करत राहिली. “तुम्ही नाही म्हणाला असतात, माई.”

“म्हटलं असतं. चार दिवस नाही म्हटलं असतं, भांडले असते तुझ्याशी. तेवढा माझा हक्क होता. मग हो म्हटलं असतं.” माईचा आवाज चढला नाही, पण मास्टरसुद्धा चावायचे थांबले. “सगळे म्हणतात माईचा पलंग, माईची खोली. आणि तू रे बिर्जू. तू विचारलंस, येतेस का म्हणून? कपडे भरा म्हणालास. माझे कपडे.”

 स्वयंपाकघराच्या झरोक्यात रजनी उभी होती. बिर्जूने तिच्याकडे बघितलं.

“नळाचं मला सांगायला हवं होतंस,” तो म्हणाला.

रजनीने झरोका बघितला, त्याखालचं बाक बघितलं आणि कपाळावर पिठाचा हात मारला.

 मिथलेशच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. एवढ्या कष्टाने सासूला राहायला जागा केली, आणि अपराधी ठरलो ते याच जागेवरून. शलेश्नी जमिनीवर बसली, आजीच्या पायांशी, आणि तिने तो तपकिरी कागद उलटा करून पुढे धरला. मागची बाजू कोरी होती.

“आता विचारते, आजी. काय बदलू?”

माईने कागदाकडे बघितलंही नाही. तिने कप्प्याच्या आतल्या भिंतीवर हात ठेवला.

“ही भिंत आंधळी आहे. निजल्या निजल्या मला बाहेर दिसायला हवं. इथे खिडकी.” मग तिने ताट जवळ ओढलं आणि मिथलेशला म्हणाली, “मीठ बरोबर पडलंय आज. लिहून ठेव कुठेतरी.”

*

पाहुणे त्या रात्री बाकांवरच झोपले. सकाळी बिर्जू उठला तो मान एका बाजूला धरून, पण सेमिसी करवत घेऊन आला तेव्हा त्याने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

“मी कापतो.”

“तुला येतं, भाई?”

“माझी आई आहे.”

सेमिसीला हे उत्तर सुतारकामाच्या दृष्टीने पुरेसं वाटलं नाही, पण तो बाजूला झाला. मग खिडकी किती उंचीवर, यावर वाद सुरू झाला. बिर्जू म्हणाला, वर हवी, वारा लागेल. सुरुज म्हणाला, वर बरोबर आहे. शलेश्नी म्हणाली, खाली हवी, उशीच्या रेषेत. सुरुज म्हणाला, खालीच बरी. मिथलेश म्हणाली, खाली केली तर पाऊस आत येईल, आणि रजनी म्हणाली, वर पत्र्याची पडवी काढली तर येणार नाही. दोघी जावा एका बाजूला झाल्यावर सुरुजने त्यांची बाजू घेतली.

तेवढ्यात भिंतीवर आतून ठकठक झाली. माई आत आडवी होऊन बोटाच्या पेराने फळी वाजवत होती.

“इथे,” आतून आवाज आला. “इथपासून,” ठकठक, “इथपर्यंत. आणि वाद घालायचा तर तिकडे आंब्याखाली घाला.”

सेमिसीने खडूने खुणा केल्या. बिर्जू कापायला लागला. द्रासाच्या घराच्याच त्या फळ्या, ऊन-वाऱ्याने निबर झालेल्या. करवत अडकायची, बिर्जू घामाघूम व्हायचा, सेमिसी पात्याला मेण लावून द्यायचा. तिसरी बाजू जरा वाकडी गेली. चौथी कापून झाली आणि फळ्यांचा तो चौकोन बाहेरच्या बाजूला कलला. सुरुजने तो धरला. भावाभावांनी मिळून तो खाली ठेवला.

आत माई उशीवर डोकं टेकून पडली होती. इतकी वर्षं तिला भिंतीपलीकडून फक्त वास यायचा आणि हसणं ऐकू यायचं. आता समोर सेमिसीचं अंगण होतं. चूल होती, वाळत घातलेल्या चटया होत्या, पपईच्या झाडाला बांधलेलं डुक्कर होतं आणि पातेल्यावर वाकलेली सेमिसीची बायको लितिया होती.

“लितिया!” माईने हाक मारली. “काय शिजतंय?”

लितियाने इकडेतिकडे बघितलं. भिंतीत डोकं दिसल्यावर ती आधी किंचाळली आणि मग हसत सुटली. “रौरौ, आजी! नारळाच्या दुधात! खाणार?”

“विचारतेस काय?”

थोड्याच वेळात खिडकीतून ताट आत आलं. अळूच्या पानांची हिरवीगार भाजी, वर नारळाच्या दुधाची साय, बाजूला उकडलेला कसावा. माईने मांडी घातली, पहिला घास घेतला, दुसरा खिडकीतून बाहेर बिर्जूच्या तोंडाशी धरला. त्याच्या केसांत भुसा होता, मान अजून वाकडीच होती. त्याने घास घेतला.

दुपारपर्यंत सेमिसीने त्याच चौकोनाला बिजागऱ्या लावल्या आणि खिडकीला झडप झाली. बाकीचे जेवायला आत गेले तरी बिर्जू बाहेरच रेंगाळत राहिला. मग खिडकीच्या चौकटीवर दोन्ही कोपरं टेकून म्हणाला, “माई, आता नीट विचारतो. कायमचं नाही. तिकडे थंडी नसेल तेव्हा. मी सुट्टी काढेन. पूर्ण सुट्टी, घरी बसेन. येशील?”

“बघू,” माई म्हणाली.

“बघू म्हणजे?”

“म्हणजे विचार करते.”

“किती दिवस विचार करणार?”

“ते तुला कशाला? माझ्या खोलीत बसून करीन.” माईने त्याच्या केसांतला भुसा झटकला, त्याची कोपरं एकेक करून चौकटीवरून उचलली आणि झडप ओढून घेतली.

बिर्जू बाहेर उन्हात उभा होता. आतून कडी लागल्याचा आवाज आला.